शेततळ्यात मासे सोडलेत? एरेटर घेण्याआधी पहाटेची वीज आणि मे महिन्याचं पाणी मोजा

डहाणू, तलासरी : संध्याकाळी मासे खाद्य खाताना दिसले आणि सकाळी तळ्यावर गेलं तर पोट वर करून तरंगत होते. शेततळ्यात मासे पाळणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हा प्रकार कधी ना कधी येतो. मग पाड्यावर चर्चा सुरू होते. कुणी विष टाकलं, कुणी फवारणीचा पंप तळ्यात धुतला, अशी एकमेकांवर बोटं दाखवली जातात. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बोलणं बंद होतं. पण मासे एकाच रात्रीत मेले असतील तर पहिला संशय घ्यायचा तो पाण्यातल्या प्राणवायूवर. पहाटे तो संपला की आठ-दहा महिन्यांची मेहनत दोन तासांत जाते.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत शेततळी आता नवी राहिलेली नाहीत. राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना 2016 मध्ये आली. त्याआधी आणि त्यानंतरही अनेकांनी रोजगार हमीतून किंवा स्वतःच्या खर्चाने तळी खोदली. बोर्डी-घोलवडकडे चिकूच्या वाडीसाठी, वाणगाव पट्ट्यात मिरचीसाठी, तर आतल्या पाड्यांवर घरामागे भाजीपाल्यासाठी पाणी साठवायचं, हा मूळ हेतू. पाणी आहेच तर त्यात रोहू, कटला, मृगळ सोडू, घरी खायला होईल आणि दोन पैसे सुटतील, हा त्याला जोडून आलेला विचार. विचार चांगला आहे. अडचण सुरू होते ती बीज दाट सोडलं, खाद्य वाढवलं आणि पाणी हिरवंगार झालं की. मग एरेटरची चौकशी सुरू होते.

एरेटर म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र. मोबाईलवर त्याच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. कारंजासारखं उंच उडणारं, चाकांनी पाणी उडवणारं, बुडबुडे सोडणारं, सोलरवर चालणारं. कोणतं घ्यायचं हे दुकानदार सांगतो, आणि दुकानदार बहुधा जे शिल्लक आहे ते सांगतो. प्रत्यक्षात निवड दोन गोष्टींवर ठरते. पहाटे चार वाजता तुमच्या तळ्यावर वीज असते का, आणि मे महिन्यात तळ्यात किती पाणी उरतं.

प्राणवायू जातो कुठे?

दिवसा पाण्यातलं शेवाळ, म्हणजे ज्यामुळे पाणी हिरवं दिसतं ते बारीक प्लवंग, उन्हात प्राणवायू तयार करतं. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला तो सर्वात जास्त असतो. सूर्य मावळला की हेच शेवाळ उलट प्राणवायू ओढायला लागतं. त्याच्या जोडीला तळाशी कुजणारं शेण, उरलेलं खाद्य आणि पालापाचोळा. मासेही श्वास घेतातच. रात्रभर फक्त खर्च चालू असतो, जमा जवळपास काही नाही. म्हणून सूर्योदयाच्या आधीची वेळ सर्वात वाईट.

आकड्यात बघू. एक लिटर पाण्यात पाच मिलिग्रॅम किंवा जास्त प्राणवायू असेल तर मासे आरामात असतात. तीनच्या खाली गेला की खाणं मंदावतं आणि ताण येतो. दोनच्या खाली मासे वर येऊन तोंड मारतात. एकच्या आसपास मरायला लागतात. समजा हिरव्या तळ्यात दर तासाला 0.3 मिलिग्रॅम खर्च होतो. बारा तासांच्या रात्रीत 3.6 मिलिग्रॅम गेला. दिवसभर चांगलं ऊन पडलं आणि संध्याकाळी 8 होता, तर पहाटे 4.4 राहतो, मासे वाचतात. तीन दिवस आभाळ भरलेलं होतं आणि संध्याकाळी 5 च होता, तर पहाटे 1.4. मासे तेच, तळं तेच, फक्त ऊन नव्हतं.

आणखी एक गोष्ट. पाणी जितकं गरम तितका प्राणवायू कमी मावतो. 20 अंश तापमानाला एक लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम राहतो, 30 अंशाला साडेसातच. त्यामुळे आपल्याकडे धोक्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. एप्रिल-मेच्या उकाड्यातल्या रात्री, जूनचा पहिला मोठा पाऊस आणि पावसाळ्यातले सलग ढगाळ दिवस. पहिल्या पावसात वरचं पाणी अचानक थंड होऊन खाली जातं, तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं, शिवाय ओढ्याचा गाळ आणि घाण आत येते. म्हणून 'पहिला पाऊस पडला आणि मासे मेले' असं होतं.

आधी बघा, एरेटर लागतो का?

सगळ्याच तळ्यांना एरेटर लागत नाही. रोहू, कटला, मृगळ यांच्या मिश्र शेतीत हेक्टरी 5 हजार ते 10 हजार बोटुकली सोडायची शिफारस असते. म्हणजे गुंठ्याला 50 ते 100. 20 बाय 20 मीटरचं तळं साधारण चार गुंठ्यांचं, त्यात 200 ते 400 बोटुकली. एवढ्यावर थांबलात, शेण बेताने टाकलंत आणि खाद्य उरू दिलं नाहीत, तर बहुतेक वर्षी एरेटरशिवाय निभावतं. अनेक ठिकाणी गडबड होते ती इथेच. बीज स्वस्त मिळतं म्हणून चारशेच्या जागी दीड हजार सोडलं जातं. ते वाढत नाही आणि वाढलं तर मरतं.

पाणी किती हिरवं आहे हे घरच्या घरी कळतं. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात हात कोपरापर्यंत पाण्यात सरळ बुडवा. तळहात अगदी अंधूक दिसत असेल तर पाणी ठीक. मनगटाच्या थोडं पुढे जाताच तळहात दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालंय. दुसरी पद्धत म्हणजे पांढऱ्या झाकणाला वजन बांधून दोरीने सोडायचं. 30 ते 40 सेंटीमीटरवर झाकण दिसेनासं झालं तर चांगलं. 20 सेंटीमीटरच्या आतच दिसेनासं झालं तर शेण, खत टाकणं त्याच दिवशी बंद करा आणि खाद्य कमी करा. ही तपासणी फुकट आहे आणि कोणत्याही यंत्राच्या आधी करायची आहे. पाणी गाळामुळे मातकट असेल तर मात्र ती लागू पडत नाही.

मेलेल्या माशांवरूनही कारण ओळखता येतं. प्राणवायू संपला असेल तर मासे पहाटे, एकाच वेळी मरतात. आधी मोठे जातात, तोंडं उघडी आणि कल्ले फाकलेले असतात. रोग असेल तर रोज दोन-चार असे मरत राहतात, अंगावर जखमा किंवा डाग दिसतात. रोगावर एरेटर हा उपाय नाही. आणि भरदुपारी लहानमोठे सगळेच तडफडून मेले, बेडूक-किडेही मेले, तर मात्र विषारी औषधाचा संशय रास्त आहे. तेव्हा पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून ठेवावा.

ज्यांच्या पाड्यावर रात्रीच्या विजेचा भरवसाच नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. मरळ, शिंगी, देशी मागूर हे मासे पाण्याबाहेरची हवाही घेतात. कमी प्राणवायूत तगतात. मरळ मात्र दुसऱ्या माशांचं बीज खाते, त्यामुळे ती रोहू-कटलाच्या पिल्लांत मिसळू नये. थाई मागूर पाळण्यावर देशात बंदी आहे. कुणी स्वस्तात बीज देतो म्हणाला तरी घेऊ नये.

मे महिन्याचं पाणी

आपल्या शेततळ्यांची खरी मेख इथे आहे. मत्स्यशेतीच्या पुस्तकातलं तळं वर्षभर सारख्या पाण्याचं असतं. आपलं तळं वाडीला आणि मिरचीला पाणी देतं. जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली सोडली तेव्हा तीन मीटर पाणी आणि बोटाएवढे मासे. एप्रिल-मेमध्ये मासे पाऊण किलोचे आणि पाणी एक मीटर.

20 बाय 20 बाय 3 मीटरचं, एकास एक उताराचं तळं घेऊ. तळ 14 बाय 14 मीटरचा. भरलेलं असताना त्यात 876 घनमीटर, म्हणजे 8 लाख 76 हजार लिटर पाणी मावतं. एक मीटर पाणी उरलं की फक्त 225 घनमीटर. मासे तेवढेच, पाणी चौथा हिस्सा, आणि तेही गरम. त्यामुळे एरेटर असा हवा जो तीन मीटरलाही चालेल आणि एक मीटरलाही. एका जागी पक्का बसवलेला नको. तरंगता किंवा दोरीने वरखाली करता येणारा हवा.

सर्वात स्वस्त उपाय यंत्राचा नाहीच. दीड मीटरची खूण करून त्याखाली पाणी उपसायचं नाही असं घरात ठरवा. आणि फेब्रुवारी-मार्चपासून मोठे मासे काढून विकायला लागा. निम्मे मासे कमी झाले की उरलेल्यांना पाणी दुप्पट झाल्यासारखंच आहे. काढलेल्या माशाचा पैसाही तेव्हाच हातात येतो.

वीज कोणती आणि कधी?

शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठराविक तासच येते, कधी दिवसाच्या पाळीत तर कधी रात्रीच्या. एरेटर लागतो तो रोज, रात्री दहा ते सकाळी सहा. दिवसाच्या पाळीच्या आठवड्यात थ्री फेजचा एरेटर पहाटे नुसता तरंगत राहणार. म्हणून घरामागच्या तळ्याला शक्यतो सिंगल फेजवर चालणारं यंत्र घ्यावं. घरगुती जोडणीवर मत्स्यपालनाचं यंत्र चालवायचं की वेगळी जोडणी घ्यायची, तिचा दर कोणता लागेल, हे महावितरणच्या उपविभाग कार्यालयात आधीच विचारून घ्यावं. नंतर दंडाचं बिल येण्यापेक्षा ते बरं.

सोलरचा प्रश्न सगळे विचारतात. बॅटरी नसलेला सोलर एरेटर दिवसा चालतो, जेव्हा शेवाळ फुकटात प्राणवायू देत असतं. त्याचा उपयोग अगदीच नाही असं नाही. दुपारी दोन-तीन तास पाणी ढवळलं तर वरचं प्राणवायूचं पाणी तळापर्यंत जातं आणि रात्रीसाठी थोडी शिल्लक वाढते. पण ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा तो बंद असतो. सोलर घ्यायचा तर बॅटरीसकट, नाहीतर पहाटेसाठी दुसरी सोय ठेवून.

लहान यंत्रासाठी घरचा इन्व्हर्टर कामाला येतो. 100 वॉटचा एअर पंप सहा तास चालवायला 600 वॉट-तास लागतात. 12 व्होल्ट 150 एएचच्या चांगल्या बॅटरीत ढोबळ 1800 वॉट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरायचे धरले तरी 900. म्हणजे पहाट निघते. एक एचपीच्या मोटारीला मात्र घरचा इन्व्हर्टर पुरत नाही.

एरेटरचे प्रकार

चाकाचा एरेटर, म्हणजे पॅडल व्हील. कोळंबीच्या तळ्यात पाणी उडवताना दिसतो तो हाच. एक युनिट विजेत सर्वात जास्त प्राणवायू मिसळतो. कंपन्या आणि तज्ज्ञ वापरतात त्या प्रमाणित चाचणीत तो युनिटला सुमारे 2 किलो प्राणवायू देतो. प्रत्यक्ष तळ्यात, गरम पाण्यात, निम्मा धरावा. म्हणजे एक एचपीचा एरेटर तासाला साधारण पाऊण ते एक किलो. आपल्या 20 बाय 20 च्या भरलेल्या तळ्यात तो तासाला एक लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम वाढवतो. मरत असलेलं तळं सावरायला एवढं पुरतं.

दोष असे की तो वरचं मीटर-दीड मीटर पाणीच जोरात फिरवतो, तीन मीटर खोलीच्या तळाला फारसा पोचत नाही. पाणी एक मीटरच्या खाली गेलं की तळाचा गाळ उडवतो. मातीच्या तळ्यात समोरचा बांध धुपतो. 15 बाय 15 च्या तळ्यात तो मोठाच पडतो. प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यात त्याच्या दोऱ्या बांधाबाहेर खुंट्या ठोकून बांधायच्या. अस्तराला भोक पाडायचं नाही आणि दोरी अस्तरावर घासू द्यायची नाही.

ब्लोअर किंवा एअर पंप. यंत्र काठावर असतं, नळीने हवा पाण्यात जाते आणि दगडातून किंवा छिद्राच्या नळीतून बुडबुडे निघतात. युनिटला मिसळणारा प्राणवायू पॅडल व्हीलच्या निम्म्याहून कमी, पण पाण्यात वीज नाही, आवाज झाकता येतो आणि खोल पाणीही ढवळतं. लहान तळ्याला आणि इन्व्हर्टरवर चालवायला हाच सोयीचा.

घेताना एकच प्रश्न नक्की विचारा, 'हा किती मीटर खोलीला हवा देतो?' तीन मीटर खाली हवा ढकलायला तीन मीटर पाण्याएवढा दाब लागतो. बऱ्याच लहान पंपांना आणि ब्लोअरना तेवढा दाब झेपत नाही. मग मोटार तापते आणि बुडबुडे येत नाहीत. अशा वेळी हवेचे दगड रिकाम्या कॅनला दोरीने बांधून एक ते दीड मीटर खोल लटकवावेत. पाणी उतरलं की दोरी आखडायची. यंत्र तळ्याच्या पाण्यापेक्षा उंचावर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं नळीतून ब्लोअरमध्ये येतं. नळीला एकदिशा झडप लावली तर उत्तम. दगड शेवाळाने बुजतात, पंधरा दिवसांनी काढून घासावेत.

घरच्या पंपाचा फवारा. नवीन काही न घेता होणारी सोय. अर्धा किंवा एक एचपीचा पंप तळ्यातलंच पाणी उचलून छिद्रं पाडलेल्या पाइपमधून परत तळ्यात पाडतो. पाणी जितकं बारीक होऊन उंचावरून पडेल तितकं चांगलं. ठिबकवर खत सोडायला जी व्हेंच्युरी लावतात त्याच तत्त्वावर पाइपात हवा ओढून घेणारी व्हेंच्युरीही मिळते. विजेच्या हिशोबाने पॅडल व्हीलपेक्षा महाग पडतं, पण वर्षातल्या दहा-बारा वाईट रात्रींसाठी वेगळं यंत्र घेण्यापेक्षा हे शहाणपणाचं. डिझेल इंजिन असेल तर वीज गेल्यावरही चालतं.

जेट किंवा पंख्याचा एरेटर. पाण्याखाली फिरणारा पंखा हवा ओढून तिरपी ढकलतो. पॅडल व्हीलपेक्षा थोडा कमी कार्यक्षम, पाणी मात्र लांबपर्यंत वाहतं. मातीच्या उथळ तळ्यात गाळ उडवतो.

शोभेचं कारंजं. एका बारीक धारेत पाणी उंच उडवणारं. बागेतल्या कमळाच्या हौदाला ठीक. मासे वाचवण्यासाठी ते घेऊ नये. फोटो चांगला येतो, पहाटेचं काम होत नाही.

तुमच्या तळ्याला कोणता?

15 बाय 15 बाय 3 मीटर, म्हणजे 441 घनमीटर. बोटुकली 100 ते 225 असतील तर एरेटर नको, पंपाच्या फवाऱ्याची तयारी ठेवा. त्याहून जास्त असतील तर सिंगल फेजचा 80 ते 120 वॉटचा एअर पंप आणि चार-सहा दगड, इन्व्हर्टरवर. एवढा छोटा पंप सगळं तळं भरून काढत नाही. एका कोपऱ्यात प्राणवायूचा आसरा तयार करतो, मासे तिथे गोळा होतात आणि पहाट काढतात. दगड चारही बाजूंना पसरून टाकण्यापेक्षा एकाच कोपऱ्यात ठेवण्याचं कारण हे.

20 बाय 20 बाय 3 मीटर, 876 घनमीटर. 400 बोटुकलीपर्यंत फवारा पुरतो. त्यापुढे जायचं तर अर्धा ते एक एचपीचा सिंगल फेज ब्लोअर, खोली तपासून. वर्षभर पाणी दीड मीटरच्या वर ठेवणार असाल आणि बीज दाट असेल तर एक एचपीचं पॅडल व्हील.

30 बाय 30 बाय 3 मीटर, 2196 घनमीटर, सुमारे नऊ गुंठे. 900 बोटुकलीपर्यंत वाईट रात्रींसाठी एक एचपीचं पॅडल व्हील. तेवढ्याने या तळ्यात तासाला 0.4 मिलिग्रॅमच वाढतो, म्हणजे रात्रीचा खर्च जेमतेम भागतो. म्हणून ते मासे वर यायच्या आधीच सुरू करावं लागतं. बीज याहून दाट असेल तर दोन एचपी, आणि तेव्हा जनरेटरची सोय नसेल तर एवढं बीज सोडूच नये. दाट तळ्यात एरेटर दोन-तीन तास बंद पडला तरी सगळं जातं. कोळंबीवाले एक एचपीमागे साधारण 500 किलो मालाचा हिशोब धरतात. आपण त्याच्या पुढे जाऊ नये.

चालवायचा कसा?

रोजच्या दिवशी मध्यरात्रीनंतर सुरू करून सूर्य चांगला वर येईपर्यंत चालवा. ढगाळ दिवस असेल तर संध्याकाळी आठपासूनच. मासे तोंड मारायला लागल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, तोपर्यंत उशीर झालेला असतो. ढगाळ दिवशी खाद्य आणि शेण बंद. एक दिवस उपाशी राहिल्याने मासा मरत नाही.

खोल तळ्यात ब्लोअर पहिल्यांदाच लावत असाल तर पहिल्या दिवशी सकाळी अर्धा तासच चालवा. दुसऱ्या दिवशी एक तास, मग दोन, असं आठवडाभरात वाढवा. तळाशी महिनोन्‌महिने साचलेलं घाण पाणी एकदम वर आलं तर एरेटरनेच मासे मरतात. असं झालं की लोक यंत्राला दोष देतात.

अडीअडचणीला बोअरचं पाणी थेट सोडू नका. जमिनीतल्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतो. ते पत्र्यावर किंवा दगडांवर उंचावरून आपटून पडू द्या. ऑक्सिजनच्या गोळ्या दुकानात मिळतात, त्या तासा-दोन तासांचा आधार देतात. डबा घरात असावा, पण त्यांच्या भरवशावर बीज वाढवू नये.

पाणी आणि वीज एकत्र

एरेटरच्या वायरीला जोड नको. लागलाच तर तो काठावर, उंच, पेटीत. गवतातून किंवा पाण्यातून उघडी वायर ओढू नका. अर्थिंग नीट आणि 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवलाच पाहिजे. यंत्राच्या मानाने त्याचा खर्च थोडा आहे आणि तो माणूस वाचवतो. दगड काढायला, जाळं टाकायला पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद. कुणी परत चालू करू नये म्हणून स्विचजवळ घरातलं माणूस उभं करा.

प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. पोहता येणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. घरामागच्या तळ्याला कुंपण, चारही बाजूंना पाण्यात सोडलेल्या गाठींच्या दोऱ्या आणि एक हवा भरलेली ट्यूब, हे एरेटरच्या आधी. चालू चाक बघायला मुलं जमतात, हे लक्षात ठेवा.

अनुदान

केंद्राची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्प खर्चाच्या 40 टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना 60 टक्के अर्थसाहाय्याची तरतूद आहे. चालू वर्षात कोणत्या घटकाला अर्ज घेतात, त्यात एरेटर धरला जातो का, हे पालघर येथील मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारावं. आदिवासी शेतकऱ्यांनी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही चौकशी करावी. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये, आधी घेतलेल्या बिलावर अनुदान मिळणं कठीण असतं. बिल पक्कं, जीएसटीचं घ्यावं. दुकानदाराने दुरुस्तीसाठी माणूस कुठून येणार, डायफ्रॅम, गिअर, दगड हे सुटे भाग कुठे मिळणार, हे बिलामागे लिहून द्यावं. पावसाळ्यात यंत्र बिघडलं आणि मेकॅनिक चार दिवसांनी आला, तर त्याचा काही उपयोग नाही.

शेततळं, पाणी किंवा लागवडीविषयी सल्ला हवा असेल तर कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. तिथे किंवा दुकानात जाताना सोबत चार गोष्टी लिहून न्याव्यात : तळ्याची लांबी-रुंदी-खोली, सोडलेली बोटुकली, मेमध्ये उरणारं पाणी आणि रात्री वीज किती ते किती असते. हे लिहिण्यासाठी आठवडाभर पहाटे पाचला तळ्यावर जावं लागेल. मासे वर येतात का, हेही त्यातच कळेल. आठही दिवस मासे खालीच राहिले, पाणी बेताचं हिरवं असलं, तर यंत्राचे पैसे कुंपणाला वापरावेत.